जर्मनीत घर भाड्याने घेताय? डिपॉझिट एकरकमी भरू नका

पहिला पगार व्हायच्या आत डिपॉझिट, पहिलं भाडं आणि रिकाम्या घरातलं सामान (बऱ्याच घरांत सिंकसुद्धा नसतं!) असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. त्यातलं डिपॉझिट तीन हप्त्यांत भरता येतं, हे घरमालक सहसा आपणहून सांगत नाही.

१. करारात 'काल्टमिटे' हा आकडा शोधा. हे हीटिंग-पाणी वगैरे धरायच्या आधीचं भाडं. डिपॉझिट जास्तीत जास्त त्याच्या तिप्पट. काल्टमिटे ९०० युरो आणि सगळं धरून ११५० असेल, तर मर्यादा २७००; ३४५० नव्हे.

२. मालकाला साधा ईमेल टाका: डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत देतो. पहिला हप्ता करार सुरू होताना, उरलेले दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. हा कायद्याने दिलेला हक्क आहे, त्यामुळे संकोच नको.

३. एजंटने फी मागितली, तर त्याला कोणी नेमलं ते विचारा. जून २०१५ पासून ज्याने नेमलं त्यानेच पैसे द्यायचे. मालकाने नेमला असेल तर तुम्ही काही देणं लागत नाही.

४. किल्ली घेताना मीटरचे आकडे आणि भिंतीवरचे ओरखडे ताब्याच्या कागदावर लिहून घ्या, फोटोही काढा. डिपॉझिट परत मागताना हाच कागद कामी येतो.

एक मात्र सांभाळा. 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असं म्हणणाऱ्याला घर न पाहता एक युरोही पाठवू नका.