स्टेथोचा मोबाइल पडदा: नव्या इंटर्नसाठी

डिजिटल स्टेथो मोबाइलला जोडला की हृदयाचे आवाज रेषा होऊन सरकू लागतात. शिकायला ही सोय झकास आहे. एऑर्टिक स्टेनोसिसचा (महाधमनीची झडप अरुंद होण्याचा) मर्मर, म्हणजे हृदयाच्या दोन आवाजांमधली सळसळ, चढतो, उतरतो आणि एसटूच्या (दुसऱ्या आवाजाच्या) आधी संपतो. मायट्रल रिगर्जिटेशनचा (मायट्रल झडप गळण्याचा) एसवनपासून (पहिल्या आवाजापासून) एसटूपर्यंत पट्टा भरून टाकतो. पुस्तक घोकून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे एका नजरेत कळतं.

पण रेषेवरचा एसवन कुठला, हे नीट समजून घ्या. मी सर्वांत जास्त अडकले ते इथेच. नाडी सत्तरच्या आसपास असेल तर सोपं: लहान फट सिस्टोल (हृदय आकुंचन पावतं तेव्हाची), मोठी डायस्टोल (सैल पडतं तेव्हाची). आपल्याकडे सिंधुदुर्गात ओपीडीला येतात त्या तापाने फणफणलेल्या नाहीतर रक्त कमी असलेल्या बायका. नाडी एकशे वीस. नाडी वाढली की डायस्टोल जास्त आखडतं, दोन्ही फटी जवळपास सारख्या दिसतात, आणि डायस्टोलमधला मर्मर बिनधास्त सिस्टोलिक म्हणून लिहिला जातो. म्हणजे निदानच उलटं! म्हणून ऐकताना दोन बोटं कॅरोटिडवर (मानेतल्या धमनीवर) ठेवा. तिच्या ठोक्याबरोबर येतो तो एसवन. मनगटाची नाडी धरू नका, ती उशिरा पोहोचते. स्टेथोत ईसीजीची सोय असेल तर क्यूआरएसच्या (ईसीजीतल्या टोकदार उंचवट्याच्या) पाठोपाठचा आवाज एसवन. हे जमेपर्यंत मर्मरला नावच देऊ नका.

रेषेच्या उंचीवरून मर्मरची ग्रेडही (तीव्रतेची पायरी) ठरवू नका. बरीच अ‍ॅप्स आवाज बारीक असला तरी रेषा ताणून पडदा भरतात. तळहाताला थ्रिल (मर्मरची थरथर) लागली तर ग्रेड चार किंवा वर. ते हातच सांगतो. आणि जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना केलेलं रेकॉर्डिंग सरळ पुसून टाका.

मायट्रल स्टेनोसिसची (मायट्रल झडप अरुंद होण्याची) घरघर खालच्या सुरातली. ऐकायची तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवून एपेक्सवर (हृदयाच्या टोकावर) बेल (स्टेथोची वाटीसारखी बाजू) अलगद टेकवायची. दाबलीत तर कातडी ताणून तिचा डायफ्रॅम (वरचे सूर पकडणारी सपाट बाजू) होतो आणि घरघर गायब. अ‍ॅप डायफ्रॅम मोडवर राहिलं तरी तेच, पडदा कसा स्वच्छ दिसतो! एका आजींनी मला विचारलं होतं, "बाय, ह्या मोबाइलात माझां काळीज दिसतां काय?" सगळं दिसत नाही, आजी.

"कान कशाला, इको (हृदयाची सोनोग्राफी) काढा" म्हणणारे सीनियर भेटतील. इकोसाठी पेशंटला कितीदा तरी घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं नाहीतर गोवा, आणि कुणाला पाठवायचं हे तुमचा कानच ठरवणार. फोनच्या स्पीकरवर मर्मर वाजवून सराव करणंही वाया जातं. एवढासा स्पीकर खालचे सूर गाळतो, हेडफोन घालाच.

सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. सगळ्यांचं तसंच होतं, घाबरू नका. आधी ऐका, वहीत मर्मरची आकृती काढा, मगच मोबाइल बघा. उलट क्रमाने केलंत तर पडद्यावर जे दिसलं तेच कानाला ऐकू आल्याचा भास होतो.