कोकणातल्या शाळेत आरोग्याचं काम कुठून सुरू करायचं?

आधी लोहाच्या गोळीपासून सुरुवात करा, कारण ती सरकारकडून फुकट येते आणि बऱ्याच ठिकाणी नुसती कपाटात पडून राहते. पाचवीपर्यंतच्या पोरांना गुलाबी, सहावीपासून पुढच्यांना निळी, आठवड्यातून एकदाच. वार सोमवार ठेवा आणि खिचडी खाऊन झाल्यावरच द्या, उपाशीपोटी दिली की मळमळतं, मग घरून फोन येतात आणि सगळंच बंद पडतं. गोळीवर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही, त्यापेक्षा जेवणात लिंबू पिळा. शी काळी झाली तर घाबरू नका हे पालकसभेत आधीच सांगून टाका, आयांना हे हमखास कोणी सांगितलेलंच नसतं!

जंताची गोळी फेब्रुवारीत मिळते, ती चावून खायची.

पावसाळ्यात मात्र लेप्टोचं, म्हणजे जनावरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचं, बघा. शेतातल्या, गुराढोरांच्या पाण्यातून अनवाणी येणारी पोरं असतात, पायाला जखम असेल तर पट्टी आणि गमबूट, आणि ताप आला की घरगुती काढा करत न बसता त्याच दिवशी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, पाठवा. दहावीची पोरं गप्प गप्प वाटली तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर वर्गात भिंतीवर लावा, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.