नागपूरहून माँतोंला: महिना कोणता निवडायचा, काय पाहायचं

फ्रान्सच्या नकाशात खाली उजव्या कोपऱ्यात, इटलीच्या सरहद्दीला चिकटून माँतों हे तीसेक हजार वस्तीचं गाव आहे. समोर भूमध्य समुद्र, पाठीशी हजार मीटरच्या वर गेलेले चुनखडीचे डोंगर आणि मधल्या उतारांवर लिंबाच्या बागा. संत्र्याच्या गावातल्या माणसाला लिंबाचं गाव पाहावंसं वाटणं साहजिकच आहे. पण तिकीट काढण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. माँतोंच्या हवेची जी तारीफ वाचायला मिळते, ती उत्तर युरोपच्या थंडीतून येणाऱ्यांसाठी केलेली आहे. जेम्स हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर १८५९ साली छातीच्या आजाराने खंगून इथे आला, बरा झाला आणि इथल्या हिवाळ्याबद्दल लिहू लागला. 'सौम्य हिवाळा' ही कीर्ती तेव्हापासून पसरली. आपली मोजपट्टी वेगळी आहे.

ती लावून बघा. जानेवारी-फेब्रुवारीत माँतोंचं दुपारचं तापमान १३-१४ अंश असतं आणि रात्रीचं ७-८. म्हणजे नागपुरात जानेवारीच्या पहाटे शेकोटीजवळ सरकावंसं वाटतं, तेवढी थंडी तिथे भर दुपारी. उलट ऑगस्टमध्ये तिथे दुपारी २७-२८ अंश असतात, म्हणजे आपल्या जानेवारीतली दुपार. ज्याने नवतपा काढला आहे, त्याला हा उन्हाळा वाटणारच नाही. त्रास होतो तो रात्री. नागपूरची हवा कोरडी असल्यामुळे दिवस-रात्रीत मोठा फरक पडतो. माँतोंत समुद्र दिवसाची उष्णता धरून ठेवतो, रात्री पारा २१-२२ च्या खाली फारसा उतरत नाही आणि हवा दमट असते. आपला कूलर तिथे कामाचा नाही, कारण खसेतलं पाणी उडायला कोरडी हवा लागते. जुलै-ऑगस्टमध्ये खोली घेताना एसी आहे का, हे आधी स्पष्ट विचारा. जुन्या इमारतींत बरेचदा नसतो, आणि 'हवेशीर खोली' म्हणजे एसी नव्हे.

पावसाचं वेळापत्रकही आपल्या उलट आहे. आपल्याकडे मृग लागला की ढग जमतात, तिथे त्याच सुमारास आभाळ मोकळं होतं. उन्हाळ्यात अटलांटिकवरचा उच्च दाबाचा पट्टा उत्तरेला सरकून भूमध्य समुद्रावर येतो, हवा वरून खाली दबते आणि ढग तयार होत नाहीत. जुलैत एखाद-दुसरी सर आली तर आली. हिवाळ्याकडे हा पट्टा दक्षिणेला उतरतो आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांना वाट मिळते. सगळ्यात धोक्याचे महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर. समुद्र उन्हाळाभर तापलेला, वरची हवा थंड होऊ लागलेली आणि समोर डोंगराची भिंत, त्यामुळे काही तासांत महिन्याभराचा पाऊस कोसळतो. २ ऑक्टोबर २०२० च्या अलेक्स वादळात माँतोंमागच्या रोया आणि व्हेझ्युबी या नद्यांच्या खोऱ्यांत रस्ते, पूल आणि घरं वाहून गेली. या दिवसांत गेलात, तर फ्रेंच हवामान खात्याचा रंगांचा इशारा रोज सकाळी बघा: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. नारिंगी दिसला की डोंगरात जायचं नाही, नदीकाठी थांबायचं नाही. पात्र कोरडं दिसलं तरी नाही, कारण पाऊस वर पडतो आणि लोंढा खाली येतो.

एवढी थंडी असूनही तिथे लिंबू कसं टिकतं? कारण पाठीमागचे डोंगर किनाऱ्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहेत. उत्तरेचे गार वारे त्यांच्यावर अडतात, खालचा उतार दक्षिणेचं ऊन घेतो आणि रात्री समुद्र ऊब देतो. दव गोठेल अशी थंडी क्वचितच पडते. मात्र याच डोंगरांमुळे हिवाळ्यात सूर्य लवकर आड जातो. ऊन असेपर्यंत बाकावर निवांत बसता येतं, ऊन गेलं की दहा मिनिटांत अंगावर काटा येतो. जुन्या गावातल्या अरुंद, उंच भिंतींच्या गल्ल्यांत तर दुपारीही गारठा असतो. तेव्हा जॅकेट खोलीवर ठेवून निघू नका.

मग जायचं कधी? समुद्रात पोहायचं असेल आणि गर्दी नको असेल, तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे सर्वांत चांगले. पाणी अजून कोमट असतं, शाळा सुरू झाल्यामुळे खोल्या मिळतात. डोंगरवाटा आणि बागा पाहायच्या असतील, तर मे ते जूनचा मध्य. नागपूर तापलेलं असताना तिथे दुपारी २०-२४ अंश असतात आणि जूनमध्ये पंधरा तासांहून जास्त उजेड. लिंबाचा उत्सव पाहायचा असेल, तर फेब्रुवारीला पर्याय नाही.

समुद्राबद्दल जरा सविस्तर, कारण कोकण पाहिलेल्या माणसाची इथे फसगत होते. भरती-ओहोटीचा फरक इथे फारच थोडा असतो, त्यामुळे ओहोटीला उघडं पडणारं लांबलचक वाळूचं पुळण सापडणार नाही. बहुतेक किनारा गोट्यांचा आहे आणि तो चटकन खोल होतो: चार-पाच पावलांत पाणी कमरेवरून छातीवर. अनवाणी चालणं अवघड जातं, म्हणून रबरी तळाचे पाण्यातले बूट न्याच. गोट्यांवर आणि खडकांतल्या काटेरी समुद्री साळूंवर (सी अर्चिन) दोन्हीकडे ते उपयोगी पडतात. लहान मुलं बरोबर असतील, तर जुन्या गावाच्या पायथ्याशी असलेला साब्लेत किनारा बघा, बांधांमुळे तिथलं पाणी शांत असतं. पाण्याचं तापमान फेब्रुवारीत १३ अंशांच्या आसपास असतं आणि ऑगस्टमध्ये २४-२५. म्हणजे त्यांचं सगळ्यात गरम पाणी हे कोकणच्या हिवाळ्यातल्या पाण्याच्या बरोबरीचं. जूनच्या आधी पाण्यात उतरलात, तर सावकाश, आधी मान आणि मनगटं भिजवून. एकदम उडी मारली की श्वास अडकतो, आणि बुडण्याची सुरुवात तिथेच होते.

किनाऱ्यावरचे झेंडे: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे धोका आहे पण पोहता येतं, लाल म्हणजे बंदी, जांभळा म्हणजे प्रदूषण किंवा त्रासदायक जलचर. हे जलचर बहुधा जेलीफिश असतात, जांभळट आणि तळहाताएवढे. डंख झाला तर चोळू नका आणि पिण्याचं पाणी ओतू नका, गोड्या पाण्याने उरलेल्या विषाच्या पेशीही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, दाढीचा फेस किंवा ओली वाळू लावा, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळूच खरवडून पुन्हा खाऱ्या पाण्याने धुवा. श्वास लागला किंवा चक्कर आली, तर ११२ लावा. काठावर तपकिरी, कागदाच्या पट्ट्यांसारखी वाळलेली पानं ढिगाने दिसली, तर तो कचरा नाही. ते पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत आहे. माशांची पिल्लं त्यात वाढतात आणि पाणी इतकं नितळ राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

आता बागा. व्हाल रामेह ही पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाची वनस्पती बाग १९६६ पासून त्यांच्याकडे आहे. ईस्टर बेटावर जंगली अवस्थेत नामशेष झालेलं तोरोमिरो झाड इथे जपलं आहे, ते कुठे आहे हे दारावरच विचारून घ्या. सेर द ला मादोन ही बागा आखणाऱ्या लॉरेन्स जॉन्स्टनची पायऱ्यापायऱ्यांची बाग गावापासून थोडी आत आहे. ज्याच्या घरी मळा आहे त्याने मात्र आधी लिंबाच्या पायऱ्या बघाव्यात. दगडी बांध घालून उतार अडवलेला आणि प्रत्येक पायरीवर झाडांची एखादी रांग. आपल्याकडे संत्र्याची कलमं जंभेरीवर बांधतात, तिथे लिंबासाठी परंपरेने कडू संत्र्याचा खुंट वापरतात. आपण पाणी तोडून झाडाला ताण देऊन आंबिया किंवा मृग बहार धरतो. माँतोंचं लिंबू मात्र वर्षातून अनेकदा फुलतं, त्यामुळे एकाच फांदीवर कळी, हिरवं फळ आणि पिकलेलं फळ एकत्र दिसतात. जवळून बघा: पांढरी कळी बाहेरून जांभळट असते, साल चुरगाळली की तेलाने बोटं ओली होतात. या लिंबाला २०१५ साली युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या संत्र्याला २०१४ साली. ते हाताने तोडतात आणि सालीवर मेण चढवत नाहीत, म्हणून साल किसून खाता येते.

फेब्रुवारीतला लिंबाचा उत्सव १९३४ पासून भरतो. बिओव्हे बागेत लिंबू-संत्र्यांच्या भल्यामोठ्या प्रतिकृती उभ्या करतात, प्रत्येक फळ रबराने जाळीला अडकवलेलं असतं. त्यातली बहुतेक फळं स्पेनहून येतात, कारण गावचं पीक त्याला पुरणारं नाही. गावचं लिंबू खायचं असेल, तर सकाळी मंडईत जाऊन शेतकऱ्याकडून घ्या. पानासकट देठ असलेलं फळ ताजं समजावं. उत्सवाच्या तारखा दरवर्षी बदलतात. त्या ठरल्या की आधी खोली बघा, मिरवणुकीच्या रविवारी गावात जागा मिळत नाही.

चालण्यासाठी दोन वाटा पुरेशा आहेत. पहिली काप मार्तें या भूशिराची, समुद्रकाठची: माँतोंला लागून असलेल्या कार्नोलेसच्या बाजूने सुरू करून रोकब्रून स्टेशनपर्यंत, रमतगमत दीड-दोन तास. वाटेत, चंडीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएची लाकडी खोपी लागते. तो १९६५ साली याच पाण्यात पोहताना गेला. लाटा मोठ्या असल्या की ही वाट बंद करतात, तेव्हा दोरी ओलांडू नका. दुसरी सेंत-आन्येस गावाची, समुद्रसपाटीपासून साधारण ७८० मीटर. बसने वर जा आणि पायी खाली या. उलट केलंत तर अडीच-तीन तासांची सलग चढण लागते, वर दुपारचं ऊन. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून महिनाभर आधी रामटेकचा गड आठवड्यातून दोनदा चढा-उतरा. वर खालच्यापेक्षा चार-पाच अंश थंड असतं. माणशी दीड लिटर पाणी लागतं. बस मोजक्याच असल्याने परतीची वेळ फोनमध्ये टिपून ठेवा. हिवाळ्यात आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असेल, तर सूर्योदयाच्या वेळी क्षितिजावर कॉर्सिकाचे डोंगर दिसतात. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे काही वाटा बंद असतात, आणि तिथे विडी-सिगारेट अजिबात नाही.

प्रवास असा: नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, पुढे एक विमान बदलून नीस. नीस विमानतळावरून ट्रामने सेंत-ऑग्युस्तें स्टेशन, तिथून इटलीतल्या व्हेन्तिमिल्याकडे जाणारी लोकल. उजव्या बाजूची खिडकी धरा, समुद्र तिकडेच आहे. पाऊण तासाच्या आसपास माँतों येतं. त्यानंतर माँतों-गाराव्हान हे दुसरं स्टेशन आहे, खोली कोणत्या बाजूला हे आधी बघून ठेवा. झोप लागली, तर थेट इटलीत जाल. शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

बॅगेत संत्री टाकू नका. युरोपीय संघात प्रवाशाने आणलेल्या ताज्या फळाला आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस अशी मोजकी फळं सोडून. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणून खव्याची बर्फी घरीच ठेवा. येताना लिंबाचं कलम, डोळकाडी किंवा रोप परवान्याशिवाय आणणं बेकायदेशीर आहे, आणि एका रोगट काडीने विदर्भातल्या बागांवर नवा रोग येऊ शकतो. लिंबाचा मुरंबा आणा. बरणी कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा, शंभर मिलीच्या वरची बरणी केबिनमध्ये सोडत नाहीत.