डिप्लॉयच्या आदल्या संध्याकाळी

कळमना मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्याची साइट ऐन मृग बहाराच्या तोंडावर डिप्लॉय करायला, म्हणजे होस्टिंगच्या सर्व्हरवर चढवायला, बसलो आणि होस्टिंगने ती घेतलीच नाही. वजन (एकूण एमबी) मर्यादेत होतं, अडलं फाइलींच्या संख्येवर. तेव्हापासून मी एमबी नंतर बघतो, आधी फाइली मोजतो.

तुम्हीही आदल्या संध्याकाळीच मोजून घ्या. फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडचं आउटपुट ओळी मोजणाऱ्या डब्ल्यूसी कमांडला दिलं की आकडा समोर येतो. तो तुमच्या होस्टिंगच्या मर्यादेशी ताडून पाहा, कारण प्रत्येकाचा हिशेब वेगळा. गूगलच्या ॲप इंजिन स्टँडर्डमध्ये एका व्हर्जनला 10,000 फाइली आणि एकेक फाइल 32 एमबीपर्यंत. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या फुकट प्लॅनमध्ये 20,000 फाइली, एकेक 25 एमबीपर्यंत. ॲमेझॉनचं लॅम्डा वजन बघतं: थेट चढवलेली झिप 50 एमबी, उघडल्यावर लेयर्स (वेगळे जोडलेले कोडचे गठ्ठे) धरून 250 एमबी.

आकडा फुगतो तो बहुतेक वेळा नोड मॉड्यूल्समुळे, म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस साठवणाऱ्या फोल्डरमुळे. तो फोल्डर पाठवूच नका, पॅकेजेसची नेमकी यादी असलेली लॉक फाइल पाठवा. पॅकेजेस बिल्डच्या वेळी तिकडेच इन्स्टॉल होऊ द्या. गिटने (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाने) काय वगळायचं ते सांगणाऱ्या गिटइग्नोर फाइलमध्ये नाव टाकलंय म्हणून निश्चिंत राहू नका. डॉकर (ॲप एका डब्यात बांधून देणारं साधन) ती फाइल वाचत नाही, त्याला स्वतःची डॉकरइग्नोर लागते. लपलेला गिट फोल्डरही त्यातच वगळा, त्यात हजारो बारक्या फाइली असतात.

माझ्याकडे मात्र खरा भार फोटोंचा होता. प्रत्येक ढिगाचे फोटो, त्यांचे तीन-तीन साइझ, आणि सगळं कोडच्याच फोल्डरमध्ये! फोटोंची जागा बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या वेगळ्या फाइल-साठ्यात. डेटाबेसमध्ये फक्त पत्ता ठेवा. पुढे ग्राहक जे फोटो टाकतील तेही थेट बकेटमध्येच जाऊ द्या. क्लाउडवरच्या इन्स्टन्सची (साइट चालवणाऱ्या तात्पुरत्या सर्व्हरची) डिस्क बहुधा टिकाऊ नसते. तो बदलला की त्यावरचे फोटो गेले, आणि ते कोणी परत आणून देत नाही.

विंडोजवर काम करत असाल तर फाइलींच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं तपासा, लिनक्स त्यात फरक करतं. साइटच्या समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर अपलोडची मर्यादा वाढवा. मुळात ती 1 एमबीच असते आणि मोबाइलचा साधा फोटोही त्यापेक्षा मोठा निघतो.

छाटणी झाली की पुन्हा मोजा. मग ग्राहकांचं ट्रॅफिक तिकडे न वळवता वेगळ्या व्हर्जनवर चढवून बघा आणि व्यापाऱ्याला फोन लावा: भाऊ, तुमच्या मोबाइलवरून एक फोटो टाकून पाहा बरं.