ईसीयू बदलण्याआधी पाच व्होल्ट मोजा
गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर कनेक्ट होत नाही म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) गेला, असं लगेच ठरवू नका. फ्यूज, मेन रिले (ईसीयूला वीज जोडणारा स्विच), अर्थिंग आधी बघा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढलाय का तेही. मग इग्निशन ऑन ठेवून मल्टीमीटरने ईसीयूकडून सेन्सरकडे जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा मोजा. तो पडलेला असेल तर एकेक सेन्सरचा प्लग काढत जा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर चोर तो सेन्सर किंवा त्याची वायर. ईसीयू बिचारा निर्दोष! खरंच बदलायचा झाला तर पार्ट नंबर तंतोतंत जुळवा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढूनच कनेक्टरला हात लावा. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीचा ईसीयू नुसता बसवून सहसा भागत नाही, चावीशी जुळवणी करावी लागते.