रुग्णालयातील सुटकेचा मार्ग आधी आडवा आखावा

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि १० बाळे दगावली. त्यांपैकी ३ भाजून, तर ७ गुदमरून गेल्याचे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. सरकारी रुग्णालयाचा नकाशा हाती घेताना हे आकडे समोर ठेवावेत, कारण ज्वाला पोहोचण्याआधी धूर पोहोचतो आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण त्याच्यापासून पळू शकत नाही.

कार्यालय रिकामे करताना माणसे जिन्याने खाली जातात. अतिदक्षता विभागातला रुग्ण मात्र सलाइन, ऑक्सिजन आणि खाटेसह हलवावा लागतो, म्हणून त्याच्या सुटकेचा पहिला टप्पा त्याच मजल्यावर, म्हणजे आडवा, असला पाहिजे. प्रत्येक मजला किमान दोन स्वतंत्र भागांत विभागावा आणि एका भागातील सर्व खाटा दुसऱ्यात मावतील एवढी मोकळी जागा दोन्हीकडे राखावी. मधली भिंत २ तास आग रोखणारी असावी आणि ती फॉल्स सीलिंगपाशी न थांबता थेट वरच्या स्लॅबला भिडावी. वायर व पाइप नेण्यासाठी पाडलेली भोके आगरोधक साहित्याने बुजवावीत आणि भिंत ओलांडणाऱ्या वातानुकूलनाच्या डक्टमध्ये आपोआप मिटणारे डॅम्पर, म्हणजे आग-धूर अडवणारे पडदे, बसवावेत. नवी केबल टाकल्यावर भोक तसेच राहते, हा दोष फार वेळा आढळतो आणि तो भिंतीचा सगळा उपयोग घालवतो.

या भिंतीतील दरवाजाला दोन कवाडे असावीत व ती परस्परविरुद्ध दिशांना उघडावीत, कारण आग कोणत्या बाजूला लागेल हे आधी ठरवता येत नाही. दरवाजे आपोआप बंद होणारे असावेत. रोजच्या वर्दळीसाठी उघडे ठेवायचे असल्यास अलार्म वाजताच सुटणारे चुंबक लावावेत, वीट किंवा ऑक्सिजनचा सिलिंडर टेकवू नये.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार रुग्णालयाची मार्गिका किमान २.४ मीटर आणि जिना किमान २ मीटर रुंद असावा लागतो, तर बाहेर पडण्याच्या वाटेपर्यंतचे अंतर साधारणपणे ३० मीटरच्या आत असावे लागते. ही मापे मोकळ्या वाटेची आहेत. कपाटे, जुन्या खाटा आणि नातेवाइकांचे सामान यांनी व्यापलेली मार्गिका कागदावर २.४ मीटर असली तरी खाटेला अपुरी पडते.

मध्यवर्ती ऑक्सिजन बंद करण्याची झडप कक्षाबाहेर, हाताशी आणि ठळक खुणेसह असावी. गळतीमुळे हवेतील ऑक्सिजन वाढला की आग झपाट्याने पसरते. पण झडप बंद करताच श्वसनयंत्रावरील रुग्णांचा पुरवठाही तुटतो. त्यामुळे ती कोणाच्या आदेशाने बंद करायची हे आधी लिहून ठेवावे आणि सुटे सिलिंडर तयार ठेवावेत. नवजात कक्षात एका परिचारिकेला एका वेळी अनेक बाळे उचलता यावीत म्हणून कप्पे असलेले एप्रन दाराजवळच टांगावेत.

महाराष्ट्रात २००६ च्या कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेमार्फत द्यावे लागते. त्याच महिन्यांत एक सराव रात्री २ वाजता, फक्त रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनिशी घ्यावा: खाटेवर रुग्णाच्या वजनाची पोती ठेवून ती शेजारच्या भागात ढकलून न्यावी आणि लागलेला वेळ नोंदवावा. जिथे खाट अडकेल, तिथला उंबरठा, वळण किंवा कुलूप पुढच्या सरावाआधी दुरुस्त झालेले असावे.