यूपीएस चालू आहे, पण संगणकाला तो दिसत नाही?

वीज गेल्यावर यूपीएस बॅकअप देतो, पण बॅटरी संपत आल्याचा निरोप संगणकापर्यंत पोहोचला नाही तर संगणक आपोआप नीट बंद होणार नाही. म्हणून हा निरोप नेणाऱ्या, यूपीएस आणि संगणक जोडणाऱ्या डेटा केबलकडे दुर्लक्ष करू नका.

आधी केबलच तपासा. यूएसबी केबल मधल्या हबमधून न नेता थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. एपीसी या कंपनीच्या काही यूपीएसचं डेटा पोर्ट नेटवर्कच्या पोर्टसारखं दिसतं, पण त्यात आठऐवजी दहा पिना असतात. तिथे नेटवर्क केबल चालत नाही, यूपीएससोबत आलेलीच लागते. जुन्या सिरियल पोर्टच्या यूपीएसबाबत तर खास जपा: साधी सिरियल केबल जोडल्यावर काही मॉडेल थेट बंद पडतात आणि चालू संगणकाची वीज जाते.

केबल ठीक असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘बॅटरीज’खाली यूपीएस दिसायला हवा. लिनक्सवर जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ (lsusb) कमांड द्या. यादीत नाव आहे, तरी यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम त्याला जोडला जात नाही? मग बहुधा दुसरा एखादा प्रोग्राम यूपीएस अडवून बसलेला असतो किंवा परवानगी कमी पडते. एपीसी यूपीएससाठीचा ‘एपीसीयूपीएसडी’ (apcupsd) हा प्रोग्राम वापरत असाल तर यूएसबी जोडणीसाठी त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डिव्हाइस’च्या (DEVICE) ओळीत पुढे काही लिहू नका.

जोडणी झाली की चालू कामं सेव्ह करा, यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा आणि पडद्यावर ‘बॅटरीवर’ असा संदेश येतो का ते बघा.